आतली मंडळी

नाना दुकानात शिरले की ‘कसं काय’ म्हणत नाहीत. ‘पोट काय म्हणतं?’ म्हणतात. आणि नुसतं ‘बरंय’ म्हणून सुटता येत नाही. ‘बरंय म्हंजी काय? सकाळी गेलतास का? एका बैठकीत झालं का?’ असं खणखणीत आवाजात सुरू होतं आणि समोर डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेली कॉलेजची पोरगी मोबाइलात मान खुपसते.

माझं औषधाचं दुकान परभणीत, स्टेशनजवळच्या एका बोळात. औषधाच्या दुकानात काही विकत न घेता रोज येणारा एक माणूस गावोगाव असतो आणि त्याच्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेलं असतं. आमच्या स्टुलावर नाना असतात. जन्मभर एका सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. वय चौऱ्याहत्तर. पांढरा सदरा, खिशाला पेन आणि कापडी पिशवीत स्टीलची एक डबी. डबीत विरजण. लोक तंबाखूची चंची बाळगतात तसं नाना विरजण बाळगतात. कुणाच्या घरचं दही कधी दगा देईल काय सांगावं!

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतं. कुणी हरिपाठाला लागतो, कुणी शेअरबाजाराला. नानांना आतडं सापडलं. मोबाइलवर कुणीतरी त्यांना मजकूर पाठवला होता : माणसाच्या अंगात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू राहतात आणि त्यांचं वजन भरतं दोन किलो. हिशेबनिसाला एवढं पुरे. त्या दिवसापासून नाना माझ्या दुकानातल्या काट्यावर उभे राहिले की आकड्यातून दोन किलो वजा करायला लागले. ‘अडुसष्ट. म्हंजी माझे सहासष्ट. बाकी त्यांचे.’

त्यांचे म्हणजे आतल्या मंडळींचे. पोटातल्या जिवाणूंना नाना ‘आतली मंडळी’ म्हणतात, आणि यात एक गोम आहे. आमच्याकडच्या जुन्या बोलण्यात मंडळी म्हणजे बायको. मानवतला एका लग्नात यजमान जिलबीचं ताट घेऊन पुढं उभा. ‘नाना, आणखी एक.’ नाना पोटावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, ‘थांबा, आतल्या मंडळींना विचारावं लागंल.’ यजमान बिचारा सरळमार्गी. ताट घेऊन थेट बायकांच्या पंगतीत गेला, काकूंची परवानगी काढायला. काकू तिथूनच ओरडल्या, ‘मला कामून विचारायलेत? चार वाढा त्यांना!’ नानांना चार खाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून म्हणाले, ‘आत लई नाराजी आहे.’

त्याच पंगतीत कढी आली होती. नाना कढीला शिवत नाहीत. तापलेल्या ताकात एक जिवाणू जिवंत राहत नाही, हे त्यांनी कुठंतरी वाचलंय आणि ते जवळपास खरंही आहे. त्यामुळं कढीला ते ‘कत्तल’ म्हणतात. वाढपी पळी घेऊन आला की वाटीवर हात. शेजारी बसलेला माणूस कढी भुरकायला लागला की त्याच्याकडं असं बघतात, जसं काही त्यानं शेजारचं वासरू कापलंय. काकूंना कढी जीव की प्राण. एकदा मी मध्ये पडून सांगितलं की नाना, मेलेल्या जिवाणूंचाही शरीराला काही उपयोग होतो असं आता शास्त्रज्ञ म्हणायला लागलेत, २०२१ मध्ये त्यासाठी ‘पोस्टबायोटिक’ असा शब्दसुद्धा ठरवलाय. नाना विचारात पडले. काकूंनी तेवढ्यात कढईतली पळी काढली. ‘हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा. घ्या वाटी पुढं.’

माझी अडचण वेगळीच आहे. मी प्रोबायोटिक विकतो. डॉक्टर अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ म्हणून ते लिहितात, मी देतो, लोक घेतात. नाना स्टुलावरून हात पुढं करून पाकीट मागून घेतात, चष्मा कपाळावर सारतात आणि मोठ्यानं वाचतात. ‘दोनशे कोटी. कितीला?’ गिऱ्हाईक किंमत सांगतं. मग नाना पेन काढून त्याच पाकिटावर रुपयाला किती कोटी पडले ते मांडतात आणि विचारतात, ‘माझ्याकडं फुकट हायेत, नेतोस का?’ डबी उघडलेली असते. आलेला माणूस एकदा माझ्याकडं बघतो, एकदा डबीकडं.

अशा वेळी मला धंद्यापेक्षा शास्त्राची बाजू घ्यावी लागते आणि ती सांगायला सोपी नाही. मी म्हणतो, नाना, तुमचं दही चांगलंच आहे, पण त्यात कोण आहे, किती आहे, पोटातल्या आम्लातून जिवंत खाली पोचतं का, हे कुणी मोजलेलं नाही. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-शेती संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली : जिवंत हवेत, पुरेशा संख्येनं हवेत आणि घेणाऱ्याचा फायदा झाला पाहिजे. म्हणजे नुसती जात सांगून भागत नाही, कोणता वाण आणि कोणत्या आजारावर, हे दाखवावं लागतं. वाणाचं म्हटलं की नानांना पटतं, कारण आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ज्वारीचे वाण ते पाढ्यासारखे म्हणतात. परभणी मोती, परभणी ज्योती, आणि २०१८ साली आलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती. ‘हां, म्हंजी ज्वारी ज्वारी म्हणून चालत नाही.’ बरोबर. अमुक वाणाची कॅप्सूल अँटिबायोटिकनं लागणारे जुलाब थोडे कमी करते याला बऱ्यापैकी आधार आहे. तीच कॅप्सूल मधुमेहावर, सांधेदुखीवर, केसांवर चालते म्हणणारा माणूस काहीतरी विकत असतो. हे मी बोललो आणि मग ध्यानात आलं, की काउंटरच्या अलीकडं मीच उभा आहे.

नानांचा दैवी पुरुष म्हणजे मेचनिकॉफ. एली मेचनिकॉफ हा रशियन साम्राज्यात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला शास्त्रज्ञ. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध खातात म्हणून दीर्घायुषी होतात, असं त्याचं मत होतं, आणि तो स्वतःही रोज आंबवलेलं दूध प्यायचा. १९०८ चं नोबेल त्याला मिळालं, पॉल एर्लिखबरोबर विभागून. नाना हे सांगताना म्हणतात, ‘ताकावर नोबेल मिळालं गड्याला!’ मी दर वेळी दुरुस्ती करतो की नोबेल ताकावर नाही, जंतूंना गिळणाऱ्या पेशी शोधल्या त्यावर. नाना दर वेळी तेच उत्तर देतात. ‘ताक पीत होता म्हणून तर सुचलं.’ पुढं १९१६ मध्ये मेचनिकॉफ एकाहत्तराव्या वर्षी वारला, हे मी जरा खवचटपणानंच सांगितलं होतं. वाटलं, आता गप्प बसतील. नानांनी बोटं मोजली. ‘मी तीन वर्षं पुढं हाय त्याच्या. गंगाखेडचं विरजण आन् बल्गेरियाचं विरजण, फरक राहणारच.’

हे गंगाखेडचं विरजण म्हणजे नानांच्या घराण्याची पुराणकथा. त्यांच्या आईचं माहेर गोदावरीकाठी, गंगाखेडकडं. आई लग्न होऊन आली ती एका बोळक्यात विरजण घेऊन. निजामाचं राज्य गेलं, रझाकार गेले, एकाहत्तर-बाहत्तरचा दुष्काळ गेला, बोळक्याचं पातेलं झालं, पण विरजण एक दिवस मोडलं नाही. एका दह्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. हे सांगताना नानांचा आवाज बदलतो. ‘उत्साहावर विरजण पडलं’ असं कुणी त्यांच्यासमोर बोललेलं त्यांना खपत नाही. ‘कुणी काढली ही म्हण? विरजण पडल्यावर दुधाचं काय वाटोळं होतं का? दही होतं! न पडलं तर नासतं.’ मला हा मुद्दा आजवर खोडता आलेला नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडं दही लावणं म्हणजे काही कर्तबगारी नाही. पारा चव्वेचाळीसला गेला की दुपारी लावलेलं दही चहाच्या वेळेला आंबट. खरी परीक्षा थंडीत. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा दोन अंशांवर उतरला होता आणि परभणीचं नाव सगळ्या बातम्यांत होतं. त्या आठवड्यात गल्लीत कुणाचं दही लागेना. नानांनी कोमट दुधात विरजण घोळलं, देठासकट एक हिरवी मिरची टाकली, पातेलं ज्वारीच्या कणगीत पुरलं. नाही लागलं. दुसऱ्या रात्री पातेलं वाकळीत गुंडाळून कुशीत घेऊन झोपले. काकू उशी उचलून पोराच्या खोलीत गेल्या. सकाळी सहाला नाना आमच्या दारात, हातात पातेलं, ते आडवं करून दाखवतायत. दही हललं नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावावरची जुनी म्हण. त्या दिवशी नाना ती उलट्या अभिमानानं म्हणत गल्लीभर फिरले.

रेल्वेतला प्रसंग मात्र ते सांगत नाहीत, काकू सांगतात. पोराकडं पुण्याला निघाले होते, नांदेड-पनवेल गाडीनं. नाना वरच्या बर्थवर, उशाशी डबी. सुनेकडं कपातलं, विकतचं दही असतं म्हणून घरचं विरजण न्यायचं होतं. परळीच्या पुढं कधीतरी झाकण सुटलं. खालच्या बर्थवर एक गृहस्थ पांढऱ्या कडक सदऱ्यात झोपले होते, कुठलेतरी पुढारी असावेत. ते ओरडत उठले तर वरून नाना वाकून म्हणतात, ‘पुसू नका हो, पुसू नका! थोडं तरी वाचवता यील.’ आणि चमच्यानं त्या माणसाच्या खांद्यावरून उचलायला लागले. लातूर येईपर्यंत काकूंनी तोंडावर पदर घेतला होता.

माझी मुलगी आमच्याच कृषी विद्यापीठातल्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकते. नानांच्या आकड्यांवर ती टाच आणते. दोन किलोची गोष्ट तिनंच मोडली. दहापट हा जुना अंदाज. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्यानं गणित मांडलं तर साधारण सत्तर किलोच्या माणसात ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू निघाले. म्हणजे जवळपास बरोबरी. आणि वजन? दोनशे ग्रॅम. नाना काट्यावरून खाली उतरले, पुन्हा चढले. एका वाक्यात त्यांचं वजन एक किलो आठशे ग्रॅमनी वाढलं होतं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

मग तिनंच तह केला. सरांची परवानगी काढून एका शनिवारी त्यांना डबीसकट प्रयोगशाळेत घेऊन गेली. मीही गेलो होतो. तिनं काडीनं दह्याचा कण घेऊन काचेवर पसरला, ज्योतीवरून फिरवला, जांभळा रंग टाकला, धुतला, परत दुसरा रंग, परत धुतला. नाना तोवर घड्याळ बघत उभे, जसं काही नातवंडाचा जन्म व्हायचाय. मग ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. आधी स्वतःचीच पापणी दिसली. मुलगी म्हणाली, दोन्ही डोळे उघडे ठेवा आजोबा, घाई करू नका. आणि मग नानांची पाठ एकदम ताठ झाली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘माळ हाय,’ ते म्हणाले. ‘मण्यांची माळ. आन् मधी मधी काड्या.’

मणी म्हणजे स्ट्रेप्टोकोकस, काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस असाव्यात, ती म्हणाली. नुसत्या आकारावरून नाव ठरत नाही, पुढच्या चाचण्या लागतात. दुधातली साखर खाऊन हे आम्ल करतात, म्हणून दूध घट्ट होतं. नानांनी काचेला हात जोडले. मागं उभी असलेली दोन पोरं हसली नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं.

येताना रिक्षात त्यांनी विचारलं, हे आईच्या वेळचेच का गं? मुलगी प्रामाणिक. म्हणाली, सांगता येत नाही आजोबा. विरजण ज्या घरात फिरतं तिथलं होत जातं. दूध, भांडं, हात, सगळीकडून नवे येतात, जुने मागं पडतात. नाना म्हणाले, ‘घराण्याचं तसंच असतं.’ पुढं तिनं त्यांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या चमूनं केलेलं काम सांगितलं : भारतीयांच्या आतड्यात प्रीवोटेला नावाचे जिवाणू भरपूर सापडतात, आणि धान्य-कडधान्यावर जगणाऱ्या माणसांत त्यांचं राज्य असतं. हे आतले लोक दह्यावर नाही, भाकरीच्या कोंड्यावर जगतात. पचून न संपलेलं जे खाली जातं ते त्यांचं जेवण, त्यातून ते जी आम्लं करतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. नानांचा तोल तिथं गेला. ‘म्हंजी ताक पाहुणचार, आन् खरा शिधा भाकरी?’ हो, साधारण तसंच. त्या रात्री काकूंना ज्वारी चाळायला बंदी झाली.

एकदाच मी त्यांना जोरात अडवलं. मुलीनं ओडिशाचा प्रयोग सांगितला होता : खेड्यांतली साडेचार हजार नवजात बाळं, सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि सोबत त्याचं खाद्य, रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं होतं, डॉ. पिनाकी पाणिग्रही यांचं काम. नानांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी कळलं की समोरच्या घरी सून बाळंतीण होऊन आलीय आणि नाना डबी घेऊन तिकडं निघालेत. मी दुकान उघडं टाकून धावलो. नाना, ते दही नव्हतं! मोजून, तपासून, दवाखान्याच्या दर्जाची पूड होती, एकच वाण. तान्ह्या पोराला दह्याचं बोटही लावायचं नाही. नाना दारात थबकले. क्षणभर वाटलं, लागलं मनाला. मग पिशवीत डबी ठेवत म्हणाले, ‘आईला तर चालंल?’

गेल्या मे महिन्यात ते आजारी पडले. न्यूमोनिया. नांदेडला एका दवाखान्यात बारा दिवस, शिरेतून अँटिबायोटिक. मी भेटायला गेलो तर नळीकडं बघत पडलेले. ‘आत काय शिल्लक राहिलं असंल रे?’ डॉक्टर राउंडला आले तेव्हा नानांनी ताकाची परवानगी मागितली आणि आतल्या मंडळींची सगळी कैफियत मांडली. डॉक्टर शांतपणे ऐकून म्हणाले, ‘आजोबा, आधी घरमालक वाचवू, भाडेकरूंचं मग बघू.’ हे वाक्य नानांना इतकं आवडलं की त्यांनी परिचारिकेकडून कागद मागून लिहून घेतलं.

मी माझ्या परीनं धीर द्यायला म्हणालो, घरी गेल्यावर कॅप्सूल देतो. तर मुलगी, ती फोनवर होती, म्हणाली, बाबा, सरसकट नका सांगू. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं होतं, अँटिबायोटिकनंतर बाहेरचे अकरा वाण दिलेल्या माणसांत स्वतःचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. आणि फार आजारी माणसाला जिवंत जिवाणू देणं नेहमी निर्धोक नसतं. हॉलंडमध्ये स्वादुपिंडाच्या गंभीर रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले होते. फोन स्पीकरवर होता. नानांनी सगळं ऐकलं. ‘पाहुणे बैठकीत पसरून बसले की घरच्यांनी यावं कुठून,’ असं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

ते घरी आले तेव्हा घर बारा दिवस बंद होतं. पातेल्यातल्या विरजणावर हिरवी-काळी बुरशी. डबीतलंही गेलं. काकूंनी ते मोरीत ओतून भांडी घासून टाकली, आणि त्याच संध्याकाळी माझ्या बायकोला ओट्यावर बसून एक गोष्ट सांगितली. हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. आजवर तीनदा मोडलंय. एकदा त्या माहेरी गेल्या तेव्हा, एकदा मांजरानं पातेलं पाडलं तेव्हा, एकदा नुसतंच बिघडलं. तिन्ही वेळा कोपऱ्यावरच्या दुकानातून दह्याची पिशवी आणून त्यांनी गुपचूप लावलं. ‘सांगू नको हं. त्यांच्या आईचं हाय ते.’

तीन दिवसांनी सकाळी नाना आमच्या फाटकाशी. काठी टेकत, अंगानं निम्मे झालेले. पोट काय म्हणतं, विचारलं नाही. पावसाचं बोलले, कापसाच्या भावाचं बोलले. उजवा हात पाठीमागं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. शेवटी बायकोच म्हणाली, ‘नाना, तुम्ही आम्हाला दिलेलं विरजण आहे आमच्याकडं. चार वर्षं झाली, मोडलं नाही. आणू का?’

पाठीमागून डबी पुढं आली.

तिनं पातेल्यातून दोन चमचे घातले. नानांनी करंगळीचं टोक बुडवून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मागं काकू रस्त्यात उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. माझ्या बायकोकडं बघत होत्या.

‘गंगाखेडचंच हाय,’ नाना म्हणाले. ‘आईच्या हातचं.’

‘झाकण घट्ट लावून दे गं,’ काकू म्हणाल्या. ‘रेल्वेसारखं नको.’